‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हटल्यावर ते का जात नाही?

रात्रीचे पावणेअकरा. ओटा आवरून झालाय, पोरगं झोपलंय, उद्याच्या डब्यासाठी वाटाणे भिजत घातलेत. तेवढ्यात फोन वाजतो. साहेबांचा मेसेज: ‘उद्या आल्या आल्या केबिनमध्ये भेटा.’ कशासाठी, कुठल्या कामाबद्दल, काही नाही.

एवढ्या एका ओळीने काय होतं ते नोकरदार माणसाला सांगायला नको. छातीत धडधड, पोटात गोळा, हात गार. मार्च एंडिंगच्या घाईत केलेल्या नोंदी आठवतात, परवा कुणाशी तरी जरा चढ्या आवाजात बोललो तेही आठवतं. शेजारी पडलेला नवरा कूस बदलत म्हणतो, "टेन्शन घेऊ नकोस, झोप आता." सल्ला प्रेमाचा असतो, पण आजवर तो ऐकून कुणाचं टेन्शन गेल्याचं ऐकिवात नाही. का जात नाही, याचं उत्तर बरंचसं शरीरात आहे.

पहिली दोन मिनिटं आणि पुढचा तास

धोका जाणवला की मेंदू दोन वाटांनी शरीराला कामाला लावतो. पहिली वाट मज्जातंतूंची. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. तिथून निघालेला निरोप मणक्यातून खाली उतरतो आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत पोचतो. त्या रक्तात ॲड्रिनलिन सोडतात. सगळं काही सेकंदांत. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, यकृतातली साखर रक्तात येते, कातडीकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. हात गार पडतात ते त्यामुळेच. ॲड्रिनलिन फार टिकत नाही, काही मिनिटांत रक्तातून नाहीसं होतं.

दुसरी वाट रक्तातून जाते, म्हणून सावकाश. हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला कळवतो, पिट्युटरी ॲड्रिनलला कळवते आणि मग कॉर्टिसॉल नावाचं हॉर्मोन तयार व्हायला लागतं. रक्तातली त्याची पातळी साधारण वीस-तीस मिनिटांनी शिगेला पोचते आणि उतरायला तासाच्या वर वेळ घेते.

आता घड्याळाकडे बघा. मेसेज आला पावणेअकराला, म्हणजे कॉर्टिसॉलचा जोर सव्वाअकराच्या आसपास, दिवा मालवून आडवं झाल्यावर. एरवी कॉर्टिसॉलचा स्वतःचा एक दिनक्रम असतो. पहाटेपासून ते वाढत जातं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर असतं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला सर्वांत खाली. नेमक्या त्या उताराच्या वेळी एका ओळीच्या मेसेजने शरीराला सकाळ झाल्यासारखं उठवून बसवलेलं असतं. अशा माणसाला ‘झोप’ म्हणून सांगणं सोपं आहे, त्याने झोपणं सोपं नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, याचा पहिला नीट अभ्यास केला तो हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि त्यानंतर वर्षा-दोन वर्षांतच, अजून विद्यार्थी असताना, कॅनन मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न देऊन त्यांच्या पोटात ते कसं सरकतं हे क्ष-किरणांखाली पाहत होते. मांजर निवांत असलं की जठरावर लाटा उठताना दिसत. ते चिडलं किंवा बिथरलं की लाटा जागच्या जागी बंद. पोटात गोळा येतो म्हणतो ना आपण, ते कॅनन यांनी काचेवर बघितलं. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी मांडलं की भीती आणि राग हे दोन्ही शरीराला एकाच गोष्टीसाठी तयार करतात: लढा, नाहीतर पळा. पळायचं असेल तर दुपारचं जेवण पचवत बसण्यात अर्थ नाही.

घरात लग्न निघालं की काय होतं? गळक्या नळाकडे कुणी बघत नाही, भिंतींचे पोपडे तसेच राहतात, मुलांचा अभ्यास मागे पडतो, खर्चाचा हिशोब कुणी विचारत नाही. सगळं घर एकाच कामाला जुंपलेलं. चार दिवस हे ठीक आहे, किंबहुना असंच व्हायला हवं. शरीरही तेच करतं. पचन, झीज भरून काढणं, जंतूंशी लढणं, पाळीचं चक्र, ही सगळी ‘नंतर बघू’ खात्यातली कामं होतात. अडचण येते ती लग्नघर वर्षभर चालू राहिलं तर.

वर्षभराचं लग्नघर

दीर्घकाळच्या ताणाची गोष्ट १९३६ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल शहरात सुरू झाली. हान्स सेल्ये हे संशोधक उंदरांना एका ग्रंथीचा अर्क टोचत होते. उंदरांच्या ॲड्रिनल ग्रंथी सुजल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसली, जठरात व्रण पडले. नवं हॉर्मोन हाती लागलं असं त्यांना वाटलं. पण दुसरं काहीही त्रासदायक टोचलं, थंडीत ठेवलं, दमवलं, तरी उंदरांच्या अंगात तेच तीन बदल. कारण कुठलंही असो, शरीराचं उत्तर ठरलेलं होतं. त्या उत्तराला पुढे सेल्ये यांनी ‘स्ट्रेस’ हे नाव दिलं.

(जठराच्या व्रणावरून एक खुलासा. माणसाच्या अल्सरचं खापर अनेक वर्षं काळजीवर फोडलं गेलं. बहुसंख्य अल्सरांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात, हे नंतर सिद्ध झालं. जिवाणूच्या शोधाला २००५ चं नोबेल मिळालं. तेव्हा पोट दुखत असेल तर ध्यानाला बसण्याआधी डॉक्टरांकडे जावं.)

माणसांवरचा मला सर्वांत बोलका वाटणारा प्रयोग १९९५ चा, अमेरिकेतल्या ओहायोमधला. घरातल्या अल्झायमरच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या तेरा बायका आणि त्यांच्याच वयाच्या, पण तशी जबाबदारी नसलेल्या तेरा बायका. प्रत्येकीच्या हातावर एक लहानशी, अगदी सारखी जखम करण्यात आली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. बायका दोन्हीकडे तेराच, त्यामुळे अभ्यास लहान आहे हे खरं. पण ‘मनावर घेऊ नका’ म्हणणाऱ्यांना तो जरूर सांगावा. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं किंवा नवऱ्याचं वर्षानुवर्षं करणाऱ्या बाईची दगदग तिच्या कातडीवर मोजता आली.

पांढरं अस्वल

कॉर्टिसॉल स्वतःच मेंदूला ‘आता बास’ असा निरोप देतं. व्यवस्था चोख आहे. धोका टळला की सगळं आपोआप मंदावतं. हरणाच्या मागे लागलेला बिबट्या एकतर हरणाला धरतो किंवा सोडतो. दोन्हीकडे प्रकरण दहा मिनिटांत निकालात निघतं. आपलं तसं होत नाही, कारण ही यंत्रणा सुरू करायला समोर बिबट्या लागत नाही, त्याचा नुसता विचार पुरतो. साडेबारा वाजता तुम्ही पुन्हा एकदा ‘काय बरं काम असेल?’ असं मनात म्हणता, आणि उतरायला लागलेली पातळी पुन्हा वर.

मग विचारच करू नये? ते करून पाहिलंय. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आला तर घंटी वाजवायची. मिनिटाला एकदाहून जास्त वेळा घंट्या वाजल्या. त्याहून वाईट म्हणजे, नंतर ‘आता खुशाल करा’ म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात आधी मनाई न केलेल्या मुलांपेक्षा जास्त अस्वलं आली. विचार दाबायचा तर तो आलाय का, हे तपासत राहावं लागतं, आणि तपासायचं म्हणजे आठवायचं. ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे असंच एक पांढरं अस्वल आहे.

म्हणजे विचाराने सुरू झालेली गोष्ट विचाराने बंद करायला जाणं हा लांबचा आणि चढाचा रस्ता. जवळचा रस्ता शरीरातून जातो.

श्वास सोडताना

आपल्या हृदयाला आतबाहेरचे कुठलेच निरोप मिळाले नाहीत तर ते मिनिटाला साधारण शंभर ठोके टाकेल. प्रत्यक्षात निवांत बसलेल्या माणसाची नाडी सत्तरच्या आसपास असते, कारण व्हेगस नावाची लांबलचक नस तिला सतत आवरून धरते. ही नस मेंदूतून निघते आणि मान, छाती, पोट असं करत थेट आतड्यांपर्यंत जाते. १९२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ऑटो लोवी यांनी बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस उद्दीपित केली, त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर टाकला आणि दुसरं हृदयही मंदावलं. नस एक रसायन सोडते आणि त्याने हृदयाला लगाम बसतो, हे तेव्हा कळलं.

हा लगाम श्वासाला बांधलेला आहे. श्वास आत घेताना तो थोडा सैल पडतो, सोडताना आवळला जातो. विश्वास बसत नसेल तर आत्ता करून बघा. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, उजव्या हाताची दोन बोटं हलकेच टेकवा. नाडी लागली की सावकाश श्वास घ्या. ठोके जरा जवळजवळ येतील. सावकाश सोडा, ठोक्यांमधलं अंतर वाढेल. तरुणांमध्ये हे स्पष्ट कळतं, वय वाढेल तसं पुसट होत जातं, पण बहुतेकांना पाच-सहा श्वासांत जाणवतं. नाडी, रक्तदाब, पोटाच्या हालचाली ही खाती आपल्या हुकमात नाहीत. श्वास तेवढा दोन्हीकडचा: आपोआपही चालतो आणि आपण सांगू तसाही.

म्हणून सोडलेला श्वास घेतलेल्या श्वासापेक्षा लांब हवा. चार आकडे मोजत घ्यायचा, सहा आकडे मोजत सोडायचा. दहा सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला सहा. एरवी आपण बसल्या बसल्या बारा ते अठरा श्वास घेतो. पाच मिनिटं हे केलं तरी बराच फरक पडतो.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. ‘दीर्घ श्वास’ म्हटलं की छाती फुगवून, खांदे वर उचलून भराभर हवा भरतात आणि मग तक्रार करतात की चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. यायच्याच. गरजेपेक्षा जास्त हवा आतबाहेर झाली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि नेमकं घाबरल्यासारखंच वाटायला लागतं. श्वास सावकाश हवा, मोठा नको. नाकाने, खांदे न हलवता, शेजारच्याला ऐकू येणार नाही इतपत. आणि जमत नाहीये म्हणून त्याचंही टेन्शन घेणारे असतात, त्यांनी आकडे सोडून द्यावेत आणि नुसतं ओठ मिटून ‘म्’ असं गुणगुणावं. गुणगुणताना श्वास आपोआप लांबतो. भ्रामरी ती हीच.

आपल्याकडे हे पूर्वापार माहीत होतं, असं इथे कुणीतरी म्हणणारच, आणि त्यात तथ्य आहे. फक्त ‘माहीत होतं’ आणि ‘मोजून पाहिलं’ यात फरक आहे, आणि मोजून पाहण्याचं श्रेय एका मराठी माणसाला जातं. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि यौगिक क्रियांच्या वेळी शरीरात काय घडतं ते क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासायला सुरुवात केली. चमत्काराच्या गोष्टी सांगणारे तेव्हाही कमी नव्हते. याने प्रयोगाचे आकडे छापायला त्रैमासिक काढलं.

पुढे २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक लेख आला. तेवीस माणसांना त्यांनी कधी लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना, कधी ‘ओम मणि पद्मे हुम्’ म्हणायला लावलं. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची, रक्तदाबाची लय त्याच्याशी जुळली. आजीचा जप, वसईच्या चर्चमधली माळ आणि भजनातला सावकाश ठेका, यांत शरीराला मिळणारी गोष्ट बहुधा एकच असावी. मात्र बस चुकेल म्हणून दीड मिनिटात उरकलेल्या स्तोत्राचं पुण्य लागत असेल तर लागो, श्वासाला त्याचा उपयोग नाही.

न सांगता उशिरा येणारी गाडी

श्वासाने पातळी उतरते, पण मेसेज फोनमध्ये तसाच असतो. त्यामुळे या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हा पुढचा. ताणाच्या पुस्तकी सल्ल्यांत तो नेमका गाळला जातो.

१९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जे वाइस नावाच्या संशोधकाने उंदरांच्या जोड्यांना विजेचे झटके दिले. (क्रूर आहे, पण झालं ते झालं.) दोघांना झटके तितकेच आणि तितक्याच जोराचे. फरक एवढाच की एकाला झटक्याआधी आवाज ऐकवला जायचा, दुसऱ्याला आवाज ऐकू यायचा पण झटक्याशी त्याचा मेळ नसायचा. ज्याला आधी कळायचं त्याच्या जठरात खूप कमी व्रण. आणखी एका प्रयोगात एका उंदराला चाक फिरवून झटका थांबवता यायचा. तो थांबला की जोडीदाराचाही थांबायचा. पुन्हा झटके दोघांना सारखेच, तरीही चाक ज्याच्या हातात होतं तो जास्त धडधाकट राहिला.

मुंबईच्या फलाटावर उभं राहिलेल्याला हे प्रयोगाशिवाय समजतं. इंडिकेटरवर ‘पंधरा मिनिटं उशिरा’ असं आलं की माणूस शिव्या घालतो, बाकावर टेकतो, घरी फोन करतो. तोच इंडिकेटर कोरा असला, घोषणा नसली, तर तीच पंधरा मिनिटं मान वाकडी करून रुळांकडे बघण्यात जातात. पहिल्यात वेळ गेला, दुसऱ्यात वेळही गेला आणि जीवही शिणला.

हाच मुद्दा कचेरीच्या पातळीवर लंडनमध्ये तपासला गेला. १९६७ पासून तिथल्या हजारो सरकारी नोकरांच्या तब्येतीची नोंद ठेवली गेली. मायकेल मार्मट यांच्या नावाने हा अभ्यास ओळखला जातो. ‘साहेब लोकांना ताण जास्त, म्हणून हार्ट ॲटॅक जास्त’ अशी तेव्हा समजूत होती. निघालं उलटं. सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्यांच्या तिपटीहून जास्त. सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशोबात धरूनही त्या फरकाचा मोठा भाग उरलाच. १९८५ मध्ये सुरू झालेल्या पुढच्या अभ्यासात एक कारण ठळक झालं: आपल्या कामावर आपली सत्ता किती. काय करायचं, कधी करायचं, कसं करायचं, यातलं काहीच ज्यांच्या हातात नव्हतं त्यांची हृदयं जास्त आजारी पडली.

तेव्हा पावणेअकराच्या त्या मेसेजचा पहिला इलाज उलट विचारण्याचा आहे: ‘हो सर, कोणती फाइल घेऊन येऊ?’ बऱ्याचदा उत्तर येतं, ‘जीएसटीची,’ आणि बिबट्याचं मांजर होतं. विचारायची सोय नसेल तर कागद घ्यावा. २०१८ मध्ये टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात सत्तावन्न तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला लावलं. काहींनी उरलेली कामं लिहिली, काहींनी झालेली. उरलेली लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि जितकं नेमकं लिहिलं तितकी लवकर. त्यामुळे ‘बँकेचं बघायचं’ असं न लिहिता ‘साडेदहाला शाखेत जाऊन जानेवारीचं स्टेटमेंट मागायचं’ असं लिहावं. अर्धवट काम डोकं धरून ठेवतं. त्याची वेळ आणि पहिली पायरी ठरली की बरंचसं सोडून देतं.

आणि खरं सांगायचं तर कंपन्यांनी वर्षातून एकदा हॉटेलात नेऊन तणावमुक्तीची शिबिरं भरवण्यापेक्षा साहेबांनी मेसेजमध्ये आणखी चार शब्द टाइप केले तर जास्त लोक शांत झोपतील. ताण ज्याला येतो त्यानेच तो हाताळायला शिकावं, हा हिशोब जरा एकतर्फी आहे.

बाकीच्या गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून थोडक्यात. भरभर चालल्याने, जिने चढल्याने ती उसळलेली साखर आणि ते ताठलेले स्नायू ज्यासाठी तयार झाले होते त्या कामी लागतात. संध्याकाळी सातच्या चहातलं जवळपास निम्मं कॅफीन रात्री बारालाही अंगात असतं. फोन उशाला असेल तर वरचं सगळं वाचून उपयोग नाही.

जिथे श्वास पुरत नाही

घराचे हप्ते थकलेत, घरात मारहाण होते, पीक गेलंय, आजारपण संपत नाहीये, अशा माणसाला ‘चार मोजून घ्या, सहा मोजून सोडा’ सांगणं हा उद्धटपणा होईल. तिथे पैसा, कायदा, बदली माणूस, यांतलं काहीतरी लागतं. श्वासाने फार तर त्या मागे धावण्याइतकं बळ टिकतं. घरात कुणाची शुश्रूषा चालू असेल तर करणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळेल अशी व्यवस्था करणं हे तिला ध्यानाचं ॲप डाउनलोड करून देण्यापेक्षा मोलाचं.

छातीत दुखणं, दम लागणं, डाव्या हातात कळ, हे ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून घरी बसून सोसू नये. आधी ईसीजी काढावा. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास राहत असेल, झोप-भूक गेली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर तो नुसता ताण राहिलेला नसतो. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. जगणं नको असं मनात येत असेल तर एक रात्रही थांबायचं कारण नाही. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं.